धोत्रा, पंप आणि पंधरा तासांचा प्राणवायू

बेंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे 920 मीटर उंचीवर आहे. मुंबईहून मुलाकडे राहायला आलेल्या आई-वडिलांना ही उंची कळते ती सुखद हवेमुळे. पंखा बंद होतो, पांघरूण बाहेर निघतं. हवेचा दाब मात्र इथे मुंबईपेक्षा सुमारे दहा टक्क्यांनी कमी असतो आणि त्याच हिशेबाने प्रत्येक श्वासातला प्राणवायूही. धडधाकट माणसाचं त्याने काही अडत नाही. पण ज्याच्या बोटावरचं ऑक्सिमीटर मुंबईतच 91 दाखवत होतं, त्याला इथे पोहोचल्यावर काही आकड्यांची घसरण दिसू शकते. विमानप्रवासात हा फरक आणखी वाढतो, कारण प्रवासी विमानाच्या केबिनमधली हवा कधीकधी 2,400 मीटर उंचीवरच्या हवेइतकी विरळ ठेवलेली असते. फुप्फुसाचा जुना आजार असलेल्यांनी तिकीट काढण्याआधी डॉक्टरांना विचारावं असं सांगतात, ते एवढ्यासाठीच.

के. आर. पुरम हे या शहराचं पूर्वेकडचं दार. जुना मद्रास रस्ता आणि आउटर रिंग रोड इथे टिन फॅक्टरीच्या चौकात एकमेकांना भिडतात. 2003 साली सुरू झालेला तारांवर तोललेला पूल रेल्वेच्या रुळांवरून जातो आणि सगळं शहर त्याला ‘हँगिंग ब्रिज’ म्हणतं. शेजारी रेल्वेचं डिझेल इंजिनांचं शेड. थोडं पुढे दूरवाणीनगर, म्हणजे 1948 साली उभ्या राहिलेल्या आयटीआय या टेलिफोन कारखान्याची वसाहत. 2023 साली जांभळ्या मार्गावरची मेट्रो इथून धावू लागली आणि त्यानंतर विमानतळाकडे जाणाऱ्या निळ्या मार्गाचं खोदकाम सुरू राहिलं. व्हाइटफील्डच्या कंपन्यांत नोकरी करणाऱ्या मराठी मुलामुलींनी याच पट्ट्यात घरं घेतली आहेत. त्यांच्या पाठोपाठ गावाहून आई-वडील येतात आणि त्यांच्या पिशवीत पंप, रोटाकॅपची डबी, कफ सिरपची बाटली आणि गावच्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांचा जुडगा असतो.

त्या चिठ्ठ्यांवर बहुधा ‘दमा’ लिहिलेलं असतं, पण पुष्कळदा तो दमा नसतो. तो असतो सीओपीडी, पूर्ण नावाने ‘क्रॉनिक ऑब्स्ट्रक्टिव्ह पल्मनरी डिसीज’. दमा बहुतेकांना लहानपणी किंवा तरुणपणी सुरू होतो, येतो आणि जातो, आणि दोन झटक्यांच्या मधल्या काळात श्वासनळ्या जवळजवळ पूर्ववत मोकळ्या होतात. सीओपीडी साधारण चाळिशीनंतर हळूहळू चढत जातो आणि श्वासनळ्यांचा अरुंदपणा औषधानेही पुरता जात नाही. यात दोन गोष्टी बिघडतात. नळ्यांच्या भिंती सुजून जाड होतात आणि कफ वाढतो. शिवाय फुप्फुसातल्या बारीक वायुकोशांच्या भिंती झिजून त्यांचे मोठे ढिले फुगे बनतात. मग अडचण हवा आत घेण्याची कमी आणि बाहेर टाकण्याची जास्त होते. दादरला उतरणारे उतरलेच नाहीत तर चढणाऱ्यांनी डब्यात शिरायचं कुठे? तशी जुनी हवा छातीत अडून बसते आणि नव्या हवेला जागा उरत नाही. जिना चढताना धाप लागते ती यामुळे.

हा फरक कानाने किंवा एक्स-रेने नीट कळत नाही, त्यासाठी फुंकावं लागतं. 1846 साली जॉन हचिन्सन या इंग्रज डॉक्टराने स्पायरोमीटर हे यंत्र लोकांसमोर मांडलं. आज त्याचाच सुधारलेला अवतार पाच-दहा मिनिटांत उत्तर देतो. रुग्णाने पूर्ण श्वास भरून जोराने फुंकायचं. पहिल्या सेकंदात बाहेर आलेली हवा ही एकूण बाहेर आलेल्या हवेच्या 70 टक्क्यांपेक्षा कमी असेल, आणि पंप देऊन पुन्हा फुंकल्यावरही कमीच राहिली, तर नळ्या कायमच्या अरुंद झाल्या आहेत असं धरतात. रक्तदाब आणि साखर घरोघरी मोजली जाते. फुंकण्याची ही चाचणी मात्र वर्षानुवर्षं पंप ओढणाऱ्यांपैकीही अनेकांनी कधीच केलेली नसते, आणि उपचारांतला निम्मा गोंधळ तिथूनच सुरू होतो.

आजार किती पसरला आहे? 2006 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत चंदीगड, दिल्ली, कानपूर आणि बेंगळुरू या चार शहरांतले आणि त्यांच्या आसपासच्या गावांतले पस्तिशीपुढचे 35,295 लोक तपासले गेले. त्यांच्यात सीओपीडीचं प्रमाण 4.1 टक्के निघालं. देशपातळीवरच्या दुसऱ्या एका अंदाजानुसार भारतात 1990 साली या आजाराचे सुमारे 2 कोटी 81 लाख रुग्ण होते आणि 2016 साली ते 5 कोटी 53 लाख झाले. बेंगळुरूच्या हवेची आणखी एक नोंद आहे. डॉ. एच. परमेश यांनी शहरातल्या रुग्णालयात आलेल्या मुलांमधल्या दम्याची मोजदाद कित्येक वर्षं चालवली. 1979 साली 9 टक्के असलेला आकडा 1999 साली 29.5 टक्क्यांवर गेला होता. तो दमा आहे, सीओपीडी नव्हे. पण दोन्ही आजारांची माणसं टिन फॅक्टरीच्या एकाच चौकात श्वास घेतात.

मुंबईत हे काम त्याआधीच झालं होतं. केईएम रुग्णालयाचे डॉ. एस. आर. कामत यांनी 1970च्या दशकाच्या शेवटी लालबाग, चेंबूर, खार आणि शहराबाहेरचं खेडं यांची तुलना मांडली. लालबाग-चेंबूरकरांना खोकला आणि धाप जास्त, ही गोष्ट तिथल्या रहिवाशांना ठाऊक होतीच. कामतांनी ती आकड्यांत पकडली.

उपचारांकडे वळताना सगळ्यांत आधी जी गोष्ट सांगावी लागते, ती औषधाच्या दुकानात मिळत नाही. धूर थांबवणं. अमेरिका आणि कॅनडामधल्या 5,887 धूम्रपान करणाऱ्यांवर झालेल्या आणि 1994 साली प्रसिद्ध झालेल्या ‘लंग हेल्थ स्टडी’त असं दिसलं, की सिगारेट पुरती सोडलेल्यांच्या फुप्फुसांची घसरण चालू ठेवणाऱ्यांच्या तुलनेत साधारण निम्म्या वेगाने होते. आजवरच्या कुठल्याही पंपाला घसरणीवर इतकी पकड मिळालेली नाही. बिडी ‘हलकी’ असते असं म्हणणारे निपाणीपासून नाशिकपर्यंत भेटतात. निपाणी तर बिडीच्या तंबाखूचीच पेठ. प्रत्यक्षात बिडी विझू नये म्हणून झुरके जास्त आणि खोल घ्यावे लागतात. सोडणं एकट्याने जमत नसेल तर निकोटिनचे च्युइंगम आहेत, चिकटपट्ट्या आहेत, व्हरेनिक्लिनसारखी गोळी आहे. 1800-11-2356 ही सरकारी मोफत दूरध्वनी सेवाही आहे. तिची केंद्रं बेंगळुरूच्या निम्हान्समध्ये आणि मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये चालतात, म्हणजे कन्नड आणि मराठी दोन्हींची सोय होते.

पण गावाहून आलेल्या आईने आयुष्यात बिडी हातात धरलेली नसते. तिने धरलेली असते फुंकणी. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी 2009 साली ‘लॅन्सेट’मध्ये हाच विषय मांडला. जगातल्या सीओपीडीच्या रुग्णांपैकी चौथा हिस्सा ते जवळजवळ निम्मे लोक कधीच धूम्रपान न केलेले असतात. लाकूड, शेणी आणि पिकांच्या काडीकचऱ्याचा धूर हे त्यामागचं मोठं कारण. बंद खोलीत जळणारी डासांची कॉइलही निरुपद्रवी नाही. 2003 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एका कॉइलमधून निघणारे सूक्ष्म कण 75 ते 137 सिगारेटींइतके भरले होते. के. आर. पुरमच्या फ्लॅटमध्ये चूल नसते. कॉइल आणि अगरबत्ती असतात, आणि त्या बंद करणं हा फुकटचा उपचार आहे.

आता पंप. त्याची गोष्ट आपल्याकडच्या उकिरड्यावरून सुरू होते. काटेरी बोंडांचा धोत्रा महाशिवरात्रीला पिंडीवर वाहतात आणि एरवी जनावरंही त्याला तोंड लावत नाहीत. त्याची पानं-मुळं वाळवून धाप लागलेल्या माणसाला त्यांचा धूर देण्याची पद्धत भारतात जुनी होती. 1802च्या सुमारास मद्रासेत नोकरी केलेले जनरल जेंट नावाचे इंग्रज अधिकारी ती पद्धत ब्रिटनला घेऊन गेले. पाहता पाहता युरोपात धोत्र्याच्या जातीच्या पानांच्या ‘दम्याच्या सिगारेटी’ विकल्या जाऊ लागल्या. फ्रेंच कादंबरीकार मार्सेल प्रूस्त त्या ओढत असे. धोत्र्यातला अ‍ॅट्रोपिन हा घटक श्वासनळीभोवतीच्या स्नायूंना आवळण्याचा जो निरोप मज्जातंतूंकडून येतो तोच अडवतो. अडचण अशी, की तो सगळ्याच शरीरात निरोप अडवत फिरतो. तोंड कोरडं पडतं, नजर धूसर होते, माणूस बरळायला लागतो. धोत्र्याच्या बियांनी माणसं दगावतात, तेव्हा हा प्रयोग घरी करायचा नाही. रसायनशास्त्रज्ञांनी त्या रेणूत असा बदल केला, की तो फुप्फुसातून रक्तात फारसा उतरू नये. त्यातून 1970च्या दशकात इप्राट्रोपियम आलं आणि 2002च्या सुमारास दिवसातून एकदाच घ्यायचं टायोट्रोपियम. आज सीओपीडीच्या बहुतेक चिठ्ठ्यांवर या कुळातलं औषध सापडतं.

औषध आत पोहोचवायचं कसं, याचं उत्तर एका तेरा वर्षांच्या मुलीने सुचवलं. अमेरिकेतल्या रायकर लॅबोरेटरीज या कंपनीचे प्रमुख जॉर्ज मेसन यांची मुलगी दम्याने हैराण होती. तेव्हाचे काचेचे फवारे दाबून दाबून हात दुखायचे आणि ते फुटायचेही. केसांवर मारायचा स्प्रे डब्यात मिळतो तसं माझं औषध का मिळत नाही, असं तिने वडिलांना विचारलं. 1956 साली मोजून मात्रा सोडणारा पहिला पंप बाजारात आला. 1969 साली साल्ब्युटामॉल आलं. ते स्नायू सैल करण्याचं काम दुसऱ्या वाटेने करतं आणि काही मिनिटांत मोकळं वाटतं.

पंपाची सवय लागते, तो शेवटचा उपाय आहे, आधी गोळ्या घेऊन पाहाव्यात, असं मराठी घरांत अजून सर्रास बोललं जातं. इथे साधा भागाकार करावा. साल्ब्युटामॉलच्या एका दाबात 100 मायक्रोग्रॅम औषध असतं. 4 मिलिग्रॅमच्या एका गोळीत 4,000 मायक्रोग्रॅम, म्हणजे चाळीस पट. गोळीतलं औषध पोटातून रक्तात आणि रक्तातून सगळीकडे जातं. हात थरथरतात, छाती धडधडते. ‘सौम्य’ समजली जाणारी गोळीच जास्त जोरकस असते.

मात्र पंप नीट घ्यावा लागतो, आणि तो नीट घेणारे कमी. दाबायच्या पंपात श्वास सावकाश आणि खोल घ्यायचा असतो. घाईने ओढला की औषध घशावर आपटून तिथेच राहतं. म्हणून पुढे प्लॅस्टिकचा स्पेसर लावतात. वयस्कर माणसांना तर तो हवाच. रोटाकॅपच्या पुडीचं याच्या बरोबर उलटं. तिथे श्वास जोरात आणि झटक्याने ओढला नाही तर पूड कॅप्सूलमधून निघतच नाही. एकच रुग्ण दोन्ही वापरतो आणि दोन्ही एकाच पद्धतीने ओढतो, हे बाह्यरुग्ण विभागात रोज दिसणारं दृश्य. श्वास घेतल्यावर दहा सेकंद रोखून धरायचा. पंपात स्टेरॉइड असेल तर नंतर चूळ भरायची, नाहीतर तोंडात पांढरी बुरशी येते. रोटाकॅप पाण्याबरोबर गिळणारे लोकही असतात, आणि चूक त्यांची म्हणण्यापेक्षा न दाखवता देणाऱ्यांची आहे. नवी महाग औषधं लिहून देण्याआधी रुग्णाला समोर बसवून पंप ओढायला लावणं, हा सल्ला जगभरच्या मार्गदर्शक पुस्तिकांत छापलेला असतो. गर्दीच्या ओपीडीत त्याला वेळ मिळत नाही.

पंपाकडून अपेक्षा किती ठेवायची? टायोट्रोपियमची 5,993 रुग्णांवर चार वर्षं परीक्षा झाली आणि 2008 साली निकाल लागला. धाप कमी झाली, आजार एकदम बळावण्याचे प्रसंग कमी झाले. फुप्फुसाच्या क्षमतेची वर्षागणिक घसरण मात्र ठळकपणे मंदावली नाही. तेव्हा पंपाने आजचा आणि उद्याचा दिवस सुसह्य होतो, आणि धाप लागणाऱ्याच्या लेखी ही किरकोळ गोष्ट नाही.

परसातली दुसरी वनस्पती अडुळसा. त्यातल्या व्हॅसिसिन या घटकावरून प्रेरणा घेऊन 1960च्या दशकात जर्मन कंपनीने ब्रोमहेक्सिन बनवलं, आणि त्यातून पुढे अँब्रोक्सॉल. कफ पातळ करणाऱ्या ज्या सिरपची बाटली आपण ‘इंग्लिश औषध’ म्हणून आणतो तिचं माहेर असं इकडचं आहे. सीओपीडीत त्याचा उपयोग बेताचा. खोकला थोडा सुटतो, नळ्या रुंद होत नाहीत.

औषधांइतकीच, कदाचित त्यांच्याहून जास्त ताकद ज्या उपचारात आहे त्याची जाहिरात कोणी करत नाही. त्याला पल्मनरी रिहॅबिलिटेशन म्हणतात. आठवड्यातून दोन-तीन वेळा, सहा ते बारा आठवडे, देखरेखीखाली चालणं, पायांचे-दंडांचे व्यायाम, श्वासाचं तंत्र आणि आजाराची माहिती. धाप लागते म्हणून माणूस बसून राहतो, बसून राहिल्याने मांड्यांचे स्नायू बारीक होतात, बारीक स्नायूंना त्याच कामाला जास्त प्राणवायू लागतो, आणि धाप आणखी वाढते. व्यायामाने फुप्फुस सुधारत नाही. पाय सुधारतात आणि तेवढ्याने हे चक्र तुटतं. 2015 साली कॉक्रेन संस्थेने 65 चाचण्या एकत्र करून पाहिल्या. लाभ इतका स्पष्ट निघाला, की नेहमीच्या उपचारांशी तुलना करणाऱ्या आणखी चाचण्यांची गरजच उरली नाही, असं तिथे नोंदवलं गेलं. वैद्यकात ‘पुरे झालं संशोधन’ असं क्वचितच कोणी म्हणतं.

असे वर्ग चालवणारी रुग्णालयं आपल्याकडे थोडी. पण फिजिओथेरपिस्टने एकदा मांडून दिलेला क्रम घरी चालतो. अपार्टमेंटच्या लांब गॅलरीत ठरावीक मिनिटं चालणं, खुर्चीतून हात न टेकता उठणं-बसणं, पाण्याच्या बाटल्या उचलणं. ओठांचा चंबू करून सावकाश श्वास सोडण्याची युक्ती तर जागच्या जागी कामाला येते, कारण नळ्यांत थोडा दाब टिकून राहतो आणि त्या मिटत नाहीत. इथे एक धोक्याची सूचना. टीव्ही बघून जोरजोरात केलेली कपालभाती या आजारात उलटू शकते. झटक्याच्या उच्छ्वासाने ढिल्या नळ्या आधीच मिटतात. 2004 साली ‘चेस्ट’ या नियतकालिकात तर कपालभातीनंतर फुप्फुसातून हवा फुटून बाहेर आल्याची घटना नोंदली गेली आहे, आणि ती व्यक्ती तरुण होती.

प्राणवायूबद्दलचे गैरसमज 2021च्या कोविड लाटेनंतर वाढले. तेव्हा घेतलेली कॉन्सन्ट्रेटर यंत्रं कित्येक घरांत पलंगाखाली पडून आहेत, आणि धाप लागली की ती लावली जातात. पण धाप आणि प्राणवायूची कमतरता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भरपूर धाप लागणाऱ्याची पातळी 95 असू शकते. त्याला यंत्राचा उपयोग नाही.

ज्याला उपयोग आहे त्याला तो फार मोठा आहे. ब्रिटनमध्ये 1981 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रक्तातला प्राणवायू कायम कमी असलेले 87 रुग्ण होते. 42 जणांना रोज किमान 15 तास प्राणवायू दिला, 45 जणांना नाही. पाच वर्षांच्या अखेरीस पहिल्या गटातले 19 आणि दुसऱ्यातले 30 दगावलेले होते. त्याच सुमाराच्या अमेरिकी चाचणीने दाखवलं, की रात्रीपुरत्या प्राणवायूपेक्षा जवळजवळ दिवसभराचा सरस ठरतो. तेव्हापासूनचा नियम असा: प्रकृती स्थिर असताना, बसल्या जागी, पातळी 88 किंवा त्याखाली राहत असेल तर रोज पंधरा तासांहून जास्त. ‘दम लागला की अर्धा तास’ या हिशेबाने आयुष्य वाढत नाही. पातळी थोडीच कमी असलेल्या लोकांवर 2016 साली मोठी चाचणी झाली. त्यांना घरच्या प्राणवायूचा फायदा दिसला नाही. बेंगळुरूच्या उंचीवर हा सीमेवरचा हिशेब मुंबईच्या चिठ्ठीवरून करू नये. इथेच पुन्हा मोजावं.

जास्त प्राणवायूही घात करतो, हे ऐकून नातेवाईक चमकतात. आजार जुना असेल तर काही रुग्णांच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साठलेला असतो. अशाला भरमसाट प्राणवायू दिला की तो आणखी साठतो, रुग्ण गुंगीत जातो. ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियात रुग्णवाहिकेतच हा प्रयोग झाला. मोजूनमापून 88 ते 92च्या मध्ये पातळी ठेवलेल्यांमध्ये मृत्यू पुष्कळ कमी झाले. तो निकाल 2010 साली आला. तेव्हा अशा रुग्णाला 99 दिसलं म्हणजे सगळं छान, असं नाही.

आजार एकदम बळावला, कफ पिवळा-हिरवा झाला, बोलताना वाक्य तुटू लागलं, की रुग्णालय गाठायचं. तिथे वाफेतून औषध, गरज पडल्यास प्रतिजैविक आणि थोडे दिवस स्टेरॉइडच्या गोळ्या देतात. थोडे म्हणजे किती, हे 2013च्या स्विस अभ्यासाने ठरवून टाकलं: पाच दिवस चौदा दिवसांइतकेच पुरतात. जुन्या चिठ्ठीवर महिनोन्महिने स्टेरॉइड खाणाऱ्यांची हाडं, साखर आणि डोळे त्याची किंमत मोजतात. कार्बन डायऑक्साइड चढलेला असेल तर नाका-तोंडावर घट्ट मास्क लावून बायपॅप यंत्राने श्वासाला आधार देतात. घशात नळी घालण्याची वेळ त्यामुळे अनेकदा टळते. फ्लू आणि न्यूमोकॉकसच्या लसी या प्रसंगांची संख्या कमी करतात. नातवंडांचं लसीकरणाचं कार्ड जपणाऱ्या घरात आजी-आजोबांच्या लसीचा विषय क्वचित निघतो.

शस्त्रक्रिया मोजक्यांसाठी. फुप्फुसाचा फुगून निकामी झालेला भाग कापून टाकला तर उरलेल्याला जागा मिळेल, ही कल्पना ऑटो ब्रँटिगन यांनी 1950च्या दशकात मांडली. जोएल कूपर यांनी 1990च्या दशकात ती पुन्हा उचलली. हे तेच कूपर, ज्यांनी 1983 साली टोरांटोत फुप्फुसाचं पहिलं दीर्घकाळ टिकलेलं प्रत्यारोपण केलं. 2003च्या मोठ्या अमेरिकी चाचणीने मर्यादा आखून दिल्या. वरच्या भागातच बिघाड असलेल्या आणि व्यायामाची क्षमता फार घटलेल्या रुग्णांचं आयुष्य वाढलं. फुप्फुस सगळीकडे सारखंच खराब झालेल्यांपैकी अतिगंभीर रुग्णांना शस्त्रक्रियाच मारक ठरली. आता छाती न उघडता, दुर्बिणीतून एकमार्गी झडपा बसवूनही तो भाग मिटवता येतो. अमेरिकेत तशा झडपांना 2018 साली परवानगी मिळाली. प्रत्यारोपण चेन्नई, बेंगळुरू, मुंबईत होतं. दाता, खर्च आणि आयुष्यभराची औषधं या तिन्हींची तयारी लागते.

याच्या पलीकडे आशेचा बाजार आहे. मृग नक्षत्र लागतं त्या दिवशी हैदराबादला जिवंत माशाच्या तोंडात औषध घालून तो गिळवण्याचा मेळा भरतो आणि महाराष्ट्र-कर्नाटकातून लोक गाड्या भरून जातात. त्याने फुप्फुस सुधारल्याचा विश्वासार्ह पुरावा नाही. पण तिथे निदान पैसे मागत नाहीत. ‘स्टेम सेल’च्या नावाने लाखो रुपये घेणाऱ्यांना तेवढीही सवलत देता येत नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2017च्या नियमांनुसार रक्ताचे ठरावीक विकार सोडले तर स्टेम सेलचा वापर मान्य चाचणीबाहेर करता येत नाही.

एक खरा वादाचा मुद्दा उरतो तो म्हणजे पंपातलं स्टेरॉइड. दम्यात ते पायाभूत आहे, सीओपीडीत सगळ्यांना नको. त्याने न्यूमोनियाचा धोका वाढतो आणि क्षयाचाही. क्षयाचा मुद्दा आपल्याकडे हलका घेता येत नाही. के. आर. पुरमचे गंभीर रुग्ण ज्या सरकारी रुग्णालयात पाठवले जातात, ती निम्हान्सजवळची राजीव गांधी छाती रोग संस्था स्वतः क्षयाच्या आरोग्यधामातून वाढलेली आहे, आणि जुन्या क्षयाने चट्टे पडलेली फुप्फुसं हे इथल्या धापेचं स्वतंत्र कारण आहे. मग स्टेरॉइड द्यायचं कुणाला? वर्षात वारंवार बळावणाऱ्या आणि रक्तात इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी जास्त असलेल्या रुग्णांना, असं सध्याचं उत्तर. घनमिलिमीटरला 300च्या पुढे असतील तर लाभ बऱ्यापैकी, 100च्या खाली असतील तर जवळजवळ नाही. नळ्या मोकळ्या करणारी दोन्ही कुळांतली औषधं आणि स्टेरॉइड अशी तीन एकत्र घेऊनही बळावणं थांबत नसेल तर याच पेशींच्या सुजेवर नेम धरणारं ड्युपिलुमॅब हे इंजेक्शन 2024 साली युरोप-अमेरिकेत सीओपीडीसाठी मान्य झालं. किंमत अजून आपल्या घरांच्या आवाक्यातली नाही.

पेशींचा हा आकडा काढायला वेगळी तपासणी लागत नाही. गावच्या चिठ्ठ्यांच्या जुडग्यात साध्या सीबीसीचे दोन-चार कागद असतातच. एकूण पांढऱ्या पेशी 8,000 आणि इओसिनोफिल 4 टक्के असतील, तर गुणाकार 320 येतो. जंत झाले असतील किंवा त्या काळात स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर आकडा फसवतो, म्हणून प्रकृती स्थिर असतानाचे निदान दोन अहवाल शेजारी ठेवून पाहतात.